बाईंच्या आधी उठायचं

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना एका सकाळी मी तिला उठवायला वाकले, तर तिनं तोंड फिरवलं. झोपेत फिरवलं असेल म्हणून मी पुन्हा तिच्या गालाजवळ तोंड नेलं. डोळे न उघडताच तिनं नाकावर हात धरला आणि म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला मिश्रीचा वास येतो."

मिश्री मी लग्नाच्या आधीपासून लावत होते. माझं माहेर आंदर मावळातलं. तिकडं सगळ्याच बायका लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि उठल्याउठल्या पहिली चिमूट दातांवर. ती लावल्याशिवाय माझं डोकं जागं व्हायचं नाही. मिश्री, मग चुलीपुढं बसून गुळाचा काळा चहा, मग कामाला सुरुवात. मुलीनं त्या वासाबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. हे बोलणं तिचं नव्हतंच. ते पुढच्या खोलीतून आलं होतं.

आम्ही तेव्हा लोणावळ्यात राहत होतो. मालक, म्हणजे मुलीचे वडील, रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती, त्यामुळे त्यांना सारखी रात्रपाळी पडायची. मुलींच्या शाळेत पुण्याहून नव्या बाई आल्या, त्यांना आम्ही पुढची खोली भाड्यानं दिली. बाई पस्तिशीच्या, विधवा, मूलबाळ नाही. बोलायला गोड, वागायला सरळ. त्यांच्यात नाव ठेवण्यासारखं काही सापडलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

बाई अंधारातच उठायच्या. तांब्याभर पाणी प्यायच्या. मीठ आणि राखुंडीनं दात घासायच्या, डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायच्या. मग मागच्या अंगणात पदर खोचून उभ्या राहायच्या, कमरेतून वाकायच्या, हात आभाळाकडं ताणायच्या, छातीभर श्वास घ्यायच्या. आणि शेवटी वळवणच्या धरणाकडं भरभर चालत जाऊन यायच्या. हे सगळं चूल पेटायच्या आधी. बाईमाणसानं सकाळची वेळ स्वतःच्या अंगासाठी घालवायची, हे मी माहेरी पाहिलं नव्हतं की सासरी.

माझ्या मुलीनं मात्र ते पाहिलं आणि ती बाईंच्या मागं लागली. मी दहा हाका मारल्या तरी न उठणारी पोर बाईंच्या कडीच्या आवाजानं टुणकन उठायला लागली. मी अंथरुणात पडल्यापडल्या ऐकायची. अंगणात बाई हळू आवाजात सांगताहेत, "आता खाली, गुडघे नाही वाकवायचे," आणि माझी लेक खुदुखुदु हसते आहे. माझ्याजवळ ती अशी कधी हसली होती, ते मी आठवत पडायची.

मग जेवताना सुरू व्हायचं. बाई म्हणतात, उपाशीपोटी चहा पिऊ नये. बाई म्हणतात, नखं वाढवू नयेत. तिची भाषासुद्धा बदलली. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'कुटं'चं 'कुठं' झालं. माझ्या तोंडून 'लय' आलं की ती हळूच 'खूप' म्हणायची, जणू माझ्या बोलण्याला ठिगळ लावायची. रविवारी तिच्या केसांना तेल लावायचं काम माझं होतं. एका रविवारी मी वाटी घेऊन बसले, तर ती बाईंच्या खोलीतून दोन घट्ट वेण्या घालून बाहेर आली. त्या वेण्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मी वाटीतलं तेल पुन्हा बाटलीत ओतलं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आगं, चांगलंच हाय की. पोरगी शिकतीया. तुला कशाचा एवढा तरास?"

"मला कशाचा तरास?" मी म्हणाले, आणि भाकरी तव्यावर आपटली.

मुलीनं तोंड फिरवलं त्या दिवशी दुपारी मी मिश्रीची डबी उकिरड्यावर रिकामी केली. तब्येतीसाठी नव्हे. माझ्या लेकीनं माझ्याकडं पाठ करून दुसऱ्या बाईकडं जाऊ नये, एवढ्यासाठी. पुढचे काही दिवस डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटावंसं वाटे. ज्याच्यात्याच्यावर मी खेकसायची. बाईंच्या ते ध्यानात आलं. एका संध्याकाळी त्या राखुंडीची पुडी घेऊन दारात आल्या.

"वहिनी, मिश्री सोडलीत ना तुम्ही? फार अवघड काम आहे. ही लावून बघा, हिरड्यांना बरं वाटेल."

"ठेवा तितं," मी म्हणाले. त्या गेल्यावर ती पुडी मी चुलीत टाकली. त्यांच्या हातचं घेऊन मला सुधारायचं नव्हतं. माहेरी माझे वडील करंजाच्या काडीनं दात घासायचे. ओढ्याकाठी एक करंज होता, मी तिथून काड्या तोडून आणल्या. कडू, पण तोंड कसं लख्ख व्हायचं. मोठ्या कौतुकानं एक काडी चावून मऊ करून मी लेकीच्या हातात दिली. तिनं एकदा चावली, थुंकली, "शी, कडू!" म्हणाली आणि बाईंच्या राखुंडीकडं पळाली.

मग मी ठरवलं, बाईंच्या आधी उठायचं.

पहिल्या दिवशी बाईंची कडी वाजायच्या कितीतरी आधी मी अंगणात होते. तांब्याभर पाणी प्यायले. करंजाच्या काडीनं दात घासले, तोंड धुतलं. दाराच्या फटीतून पाहून पाहून बाईंचं सगळं मला पाठ झालं होतं. पदर खोचला आणि गुडघे न वाकवता खाली वाकले. बोटं पावलांपासून वीतभर लांबच राहिली, कमरेत कळ आली. तशीच लोंबकळत होते, तेवढ्यात रात्रपाळी करून मालक मागच्या वाटेनं आत आले.

"काय हरवलं?"

"कानातलं पडलं," मी वाकूनच म्हणाले.

तेही माझ्या शेजारी वाकले. दमून आलेला माणूस, पण हातातला कंदील जमिनीजवळ धरून बराच वेळ माती चाचपत राहिला. मग कंदील वर करून त्यांनी माझे दोन्ही कान पाहिले. दोन्हीकडचं जागच्या जागी होतं. घरात जाताना त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

हळूहळू बोटं पावलांना टेकायला लागली. दरसाल येणारा हिवताप अंगात काहीतरी मागं ठेवून जायचा, चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची, ती कमी झाली. सकाळी भूक लागायला लागली. बाईंनी एकदा म्हटलं, "वहिनी, चला ना आमच्याबरोबर फिरायला." आमच्याबरोबर! माझ्याच लेकीला धरून 'आमच्या'. तरी मी गेले. पुढं त्या दोघी, पोरीचं बोट बाईंच्या हातात, आणि मागं मी. तिची पावलं बाईंच्या पावलांबरोबर पडत होती. मी रस्ताभर तेवढंच पाहिलं.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा बाईंना पडसं झालं, अंगात कणकण होती. मुलगी त्यांच्या दारातूनच परत फिरली. "आज नको. बाई नाहीत."

"मी हाय की," मी म्हणाले. "चल."

ती आली, पण पाय ओढत. धरणापर्यंत सगळं बाईंचंच बोलणं. बाईंना असं आवडतं, बाईंना तसं चालत नाही. मी हूं हूं करत होते आणि आतल्या आत जळत होते. पाण्यापलीकडं धुक्यातून डोंगर वर येत होते. बोलणं तोडायचं म्हणूनच मी बोट दाखवलं. "त्या डोंगरांच्या पल्याड माझं गाव."

"तिथून इथं कशी आलीस?"

"चालत. लगीन होऊन आले तवा निम्मी वाट चालतच आले."

"आणि लहानपणी काय करायचीस?"

हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, गुरांमागं पळायची. आमच्या एका गाईला पळायची फार खोड होती, आणि तिला गाठणारी गावात मी एकटीच. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी थापा मारते आहे. मग मला काय झालं कोण जाणे. कासोटा घट्ट केला आणि उताराच्या रस्त्यानं पळत सुटले. मागून "आई! आई, थांब!" ऐकू येत होतं. चपला कधी निघाल्या कळलं नाही. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. वळणावर मी एका दगडावर बसले, छाती भात्यासारखी हलत होती, पण श्वास पुरत होता. मुलगी माझ्या चपला हातात घेऊन आली आणि माझ्या मांडीवर कोसळली. आम्ही दोघी हसत होतो. माझ्या तोंडाजवळ तिचं तोंड होतं आणि तिनं ते फिरवलं नाही.

घरापर्यंत तिनं माझं बोट सोडलं नाही. अंगणात पाऊल टाकलं आणि मग ती बोट सोडून धावली, थेट बाईंच्या दारात. "बाई, बाई! आई पळाली! माझ्यापेक्षा जोरात पळाली!"

आतून बाईंचा खोकत हसण्याचा आवाज आला. मी तिथंच उभी होते, चपला हातात. आनंद माझा, पळणं माझं, आणि सांगायला ती तिकडं गेली.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. टांगा निघाला तेव्हा मुलगी रडून रडून लाल झाली. बाईंनी माझा हात हातात धरला, म्हणाल्या, "वहिनी, तुमची लेक फार गुणी आहे." मी मान हलवली. खरं सांगायचं तर टांगा वळला आणि मला हलकं वाटलं. वाटलं, उद्यापासून सकाळ आपल्या दोघींची.

तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली, तर तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. तिसऱ्या दिवशीही तेच. अंगणात माझ्या शेजारची जागा रिकामी. जी बाई गेली तिच्यासाठी ही उठायची, माझ्यासाठी नाही. हे मनात धरून मी एकटीच वाकले, एकटीच धरणापर्यंत गेले. एका सकाळी मालकांनी विचारलं, "कुटं गेलतीस?"

"फिरायला."

"एकटीच?"

"व्हय."

त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, ते पहिल्यांदाच.

पावसाळा गेला, गवत पिवळं पडलं. थंडी सुरू झाल्यावर एका पहाटे मी वहाणा घालत होते, तेव्हा मागून आवाज आला, "आई, मीपण येऊ?" ती डोक्याला फडकं गुंडाळून उभी होती. मी दार उघडं धरलं. आम्ही शेजारीशेजारी चालत होतो. आता तिचं डोकं माझ्या खांद्याला आलं होतं. रस्ता दवानं ओला होता. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "बाई असत्या तर आज..."

"भरभर चाल," मी म्हणाले. "अंग गरम हुईल."