चौदा काठ्या आणि एक मासा

जगातल्या यच्चयावत माणसांची परीक्षा दोन प्रश्नांत करता येते, असे आमच्या साडूंचे ठाम मत आहे. माणूस किती वजनाला वाकतो, हा पहिला प्रश्न. आणि वाकायला लागला की कुठून वाकतो, हा दुसरा. पहिल्याला ते पॉवर म्हणतात, दुसऱ्याला अ‍ॅक्शन, आणि या दोन शब्दांखाली त्यांनी आमचे सगळे नातेवाईक, आळीतले शेजारी, वायरमन आणि झाडून सगळे जावई बसवून टाकले आहेत. माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, त्यांच्या हिशेबी हेवी पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन. मोठ्या वजनाशिवाय हलायची नाही, आणि हलली तरी शेंड्याला चार बोटे. खाली सगळा विजेचा खांब. माझे काय, म्हणून विचारले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "तुम्ही मुठीपासून वाकता, साडू. आणि तेही वजन टांगायच्या आधीच." यावर आमच्या घरात चर्चा अशी झाली नाही. बायको 'अगदी' एवढाच शब्द बोलली आणि चहा टाकायला आत गेली.

ही सगळी भाषा मासे धरायच्या काठ्यांची आहे, आणि ती जन्माने आमच्या साडूंची नव्हेच. साडू लांज्याकडचे, भातशेतीतले. पाण्यातला त्यांचा अनुभव म्हणजे वहाळातले खेकडे, तेही दुसऱ्याने धरलेले. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका रबराच्या कारखान्यात ते वायसर तपासायचे. वायसर किती ताणला की तुटतो, तुटायच्या आधी कुठे पांढरा पडतो, हे पाहण्यात त्यांची उभी नोकरी गेली. लग्न मात्र त्यांनी दाभोळच्या मुलीशी केले, जिच्या वडिलांची होडी होती आणि जिला अक्षरओळखीच्या आधी गळाची गाठ येत होती. ही माझी थोरली मेहुणी. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात, आणि आक्का दर रविवारी मांडवीच्या जेट्टीवर गरवायला बसायची. बांबूची काठी, जुन्या चपलेच्या रबराचा कापलेला लाल तरंगा, डब्यात कोळंबी. साडू शेजारी छत्री धरून बसत. छत्री हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे विनातक्रार केले.

चार वर्षांपूर्वी आक्काला अर्धांगाचा हलकासा झटका आला. बोलणे सहा दिवसांत परत आले आणि सातव्या दिवशी तिने दवाखान्यातल्या डाळीला नाव ठेवले, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पाय सुधारला. उजवे मनगट तेवढे मागे राहिले. चहाचा कप ती डाव्या हाताने उचलू लागली. डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता, तो तिने आठवड्याभरात शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. "चेंडू दाबून काय कालवण होत नाही," म्हणाली. मग एका रविवारी हट्टाने जेट्टीवर गेली. तरंगा बुडाला, तिने उजव्या हाताने झटका दिला, आणि काठी मनगटातून निसटून पाण्यात गेली. बांबू थोडा वेळ तरंगत बंदराच्या दिशेने जाताना दिसला, मग तोही दिसेना. आक्का उठली, डबा पुसला आणि म्हणाली, "झालं माझं गरवून." त्यानंतर तिने मांडवीचे नाव काढले नाही.

दहाव्या दिवशी साडूंकडे पहिले लांबडे पार्सल आले.

पार्सलवाल्याला बरेच दिवस वाटत होते की हे गृहस्थ पडदे लावतायत. चार-पाच पार्सलांनंतर त्याने विचारलेच, "काका, खिडक्या तरी किती?" साडूंचे म्हणणे सरळ होते. आक्काच्या हाताला झेपेल अशी काठी जगात कुठेतरी असणार. ती मापे घेऊन शोधायची. पण तिच्या हातात द्यायची ती एकच, शेवटची आणि बिनचूक. "ती एकदाच धरील, साडू," ते मला म्हणाले. "जमलं तर जमलं. सुटली तर पुन्हा हात लावायची नाही. मी ओळखतो तिला." म्हणून तीन वर्षे ते काठ्या तपासत राहिले आणि गरवायची म्हणून आक्काला एकीलाही हात लावू दिला नाही.

तपासणी पडवीत चाले. काठीची मूठ खांबाला क्लॅम्पने आवळायची, शेंड्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि तिच्यात खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून मोजून पाणी ओतायचे. दर पाच टोपणांनी काठी जिथवर वाकली तो बाक मागच्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीने उतरवायचा. बाकाखाली काठीचा नंबर आणि निकाल. वर्षभरात ती भिंत आंबा घाटाच्या नकाशासारखी दिसू लागली. कुणी पाहुणा आला आणि त्याने सहज नजर टाकली की साडू उठून उभे राहत. "ही बघा पाच नंबर. नुसता शेंडा लवतो, बाकी ताठ. मनगट एवढंसं हलवलं तरी गळ लागतो, पण मासा ओढू लागला की प्रत्येक हिसका थेट हातात. आणि ही अकरा नंबर. मुठीपर्यंत वाकते, हिसके सगळे आपल्या अंगावर घेते, पण गळ लावायचा तर अख्खा दंड फिरवायला लागतो." मग थोडे थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे: "गळ लावणारी हात मोडते, हाताला जपणारी मासा सोडते." पाहुणा बहुधा आंब्याच्या पेटीचा भाव विचारायला आलेला असे.

सगळ्यात वाईट निकाल तीन नंबरच्या काठीला मिळाला होता. लाइट पॉवर, स्लो अ‍ॅक्शन, आणि पुढे साडूंच्या सुवाच्य अक्षरात शेरा: 'बोलावल्याशिवाय वाकते. नापास.' ती काठी त्यांनी आक्काला फुले काढायला देऊन टाकली. आक्काने शेंड्याला तारेचा आकडा बांधला आणि रोज सकाळी अंगणातल्या सोनचाफ्याची उंचावरची फुले त्या काठीने उतरवायला लागली. एवढ्या लवचिक काठीने फूल काढणे म्हणजे शेवयांनी दार उघडण्यापैकी, असे मी एकदा म्हणालो. तेव्हा आक्का म्हणाली, "ओढायचं नाही भावोजी. अडकवायचं नि काठीला वाकू द्यायचं. ती सरळ व्हायला बघते ना, तेव्हा फूल आपलं आपण सुटतं." मी मान डोलावली. मला समजले नव्हते. पण मी मुठीपासून वाकणारा माणूस आहे.

आता माझ्याकडे येतो. पाण्याची पिशवी मुकाट्याने लोंबते, मासा तसा लोंबत नाही, हे साडूंच्या लक्षात आल्यावर त्यांना मासा हवा झाला. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचोच. अंगणाच्या टोकाला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे. पडवीपासून गडग्यापर्यंत माझे पाणी. दोऱ्याने बोट कापू नये म्हणून त्याचे टोक लाटण्याला बांधलेले असे आणि ते लाटणे दोन्ही हातांनी छातीशी धरून मी पळत असे. साडू पडवीच्या पायरीवर काठी घेऊन उभे. त्यांच्या उजव्या मनगटाला पायमोज्यात भरलेले किलोभर मीठ बांधलेले असे, त्यांचा हात आक्काच्या हाताइतका दुबळा व्हावा म्हणून. मिठाचा प्रयोग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हसलो. नंतर हसलो नाही.

मासा होणे सोपे नाही. "बोय," साडू पुकारत, की मी लाटणे हळूच दोनदा खेचायचे आणि गप्प राहायचे. "शेंगटी," म्हटले की मान खाली घालून कंटाळल्यासारखे एका बाजूला चालू लागायचे. हे मला उपजतच येत होते. पण खरी परीक्षा तांबोशीची. तांबोशी गळ लागताच खडकाच्या कपारीकडे सुटते. तिला तिथे पोचू दिले की दोरा तुटलाच. म्हणजे मी एकदम गडग्याकडे धूम ठोकायची. माझे वय, माझे पोट आणि गुडघा पाहता ही धूम फार लांबची नसे. "साडू, तांबोशी मध्येच कमरेवर हात ठेवून उभी राहत नाही," पडवीतून सूचना येई. शेजारच्या काकूंनी गडग्यावरून एकदा विचारले, "पतंग उडवताय काय ओ?" साडू गंभीरपणे म्हणाले, "नाही, हे मासा आहेत." काकूंनी माझ्याकडे पाहून "बरं" म्हटले आणि त्या कपडे वाळत घालू लागल्या. साडूंच्या वहीत माझीही नोंद आहे: 'तांबोशी (साडू). सुरुवात बरी. दम लवकर जातो.' माझ्या कचेरीतल्या एकाही वरिष्ठाने मला इतक्या बारकाईने कधी पाहिलेले नाही.

गेल्या थंडीत चौदावी काठी आली. साडूंच्या मते ही मधली होती: शेंड्याला चपळ, पोटाला मऊ. भिंतीवरचा तिचा बाक पाहून ते बराच वेळ डोके खाजवत होते. मी सात वेळा बोय झालो, चार वेळा शेंगटी आणि तीन वेळा तांबोशी, आणि गडग्याला टेकून धापा टाकत होतो. साडूंनी मनगटाचे मीठ सोडले. "हीच, असं वाटतंय," म्हणाले. "पण आणखी एक बघू या. पंधरावी मागवतो."

तेवढ्यात आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिला लाटणे हवे होते. पोळ्या खोळंबल्या होत्या. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, मग भिंतीकडे.

"तीन वर्षं मापं घेताय," ती म्हणाली. "माझं मापच बदललं एवढ्यात."

"ही घेऊन बघ," साडू म्हणाले आणि चौदावी पुढे केली. त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. वायसर तुटायच्या आधी पांढरा पडतो म्हणतात, तसे ते दिसत होते.

आक्काने ती घेतली नाही. ती सोनचाफ्याखाली गेली, झाडाला टेकवून ठेवलेली तीन नंबरची काठी उचलली, दातांनी तारेचा आकडा सोडवला आणि दोरा शेंड्याला बांधून मागितला. काठी तिच्या डाव्या हातात होती.

"ती नापास आहे," साडू म्हणाले.

"असू दे. रोज धरतेय मी तिला."

"पण डाव्या हाताने..."

"तुम्ही या हातासाठी काठी शोधत बसलात," उजवा हात जरा उचलून आक्का म्हणाली, "मी हातच दुसरा बघितला. कुणी विचारलं काय मला?" मग माझ्याकडे वळून: "व्हा भावोजी मासा."

साडूंनी हलक्या आवाजात पुकारले, "बोय."

"बोय कशाला? तांबोशी होऊ दे."

मी लाटणे छातीशी धरले. खरे सांगायचे तर माझ्या मनात लबाडी होती. मी बेताबेताने निघालो. चार पावलांत मागून आवाज आला, "असले गरीब मासे आमच्या दाभोळात मांजराला घालतात." मग मी धावलो. तीन वर्षांत धावलो नव्हतो तसा, गुडघ्याची पर्वा न करता, गडग्याच्या रोखाने. दोरा ताणला गेला, आणि मला वाटले होते तसा हिसका लागलाच नाही. मागे कुणीतरी नुसते नाही नाही म्हणत असावे, तसे वाटत राहिले. मान वळवून पाहिले तर काठी मुठीपर्यंत वाकली होती, आक्का तिला वाकू देत होती, चाफ्याचे फूल सुटायची वाट पाहावी तशी. गडगा दोन हातांवर असताना माझे पाय थांबले. मग मी मागे मागे येऊ लागलो आणि पायरीपाशी खाली बसलो. आक्काने वाकून माझ्या हातातले लाटणे काढून घेतले आणि ती पोळ्या करायला आत गेली.

साडूंच्या हातात पेन्सिल होती. भिंतीवर त्यांनी काहीच काढले नव्हते.

आता रविवारी मांडवीच्या जेट्टीवर पुन्हा छत्री दिसते. आक्का डाव्या हातात तीन नंबर धरून बसते, पाण्यावर चपलेच्या रबराचा लाल तुकडा. आतापर्यंत बऱ्याच शेंगट्या मिळाल्या, दोन-तीन बोय. तांबोशी अजून आलेली नाही. मीही जातो, अंगणातली माझी नोकरी सुटली आहे. परवा साडूंनी छत्रीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला आणि आक्काला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "त्या दिवशी तुम्ही खरं ओढलंत ना, साडू? शेवटपर्यंत?"

"खरं ओढलं," मी म्हणालो.

धावलो ते खरेच होते, याची मी शपथ घेईन. पण गडग्याअलीकडचे ते दोन हात मला दम लागला म्हणून राहिले, की काठीने राखले, की मीच राखले, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे आणि मासा काही सांगत नाही. साडूंनी मान हलवली, वहीत काही लिहिले नाही. समोर लाल रबर जरासे हलले. आम्ही दोघे एकदम पुढे वाकलो, आणि माझ्या मनात आले, बोय असू दे, देवा, छोटी बोय असू दे.

आक्का काठीवरची मूठ घट्ट करत पाण्याला म्हणाली, "मोठा ये रे बाबा. उगाच खेळ नको."