माझा कॉम्प्युटरचा क्लास

आमच्या बाभुळगावात कुस्ती खेळणारी मुलगी मी एकटीच. शिकवणारे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सहाव्या वर्षापासून त्यांनी मला आखाड्याच्या मातीत लोळवलं. पण माझ्या जोडीची मुलगी गावात नव्हती, आणि बारावीनंतर मुलांनीही माझ्याशी लढणं सोडलं. लाजतात म्हणे. हरतात, हे कोणी बोलत नाही.

शेवटी यवतमाळला ज्युदोच्या क्लासला नाव घातलं. तिथं मुली होत्या. मोठेबाबांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. त्यांना वाईट वाटलं असतं आणि ते मला बघवलं नसतं. कॉम्प्युटरचा क्लास लावला म्हणून घरी ठोकून दिलं, ज्युदोचं जाडजूड पांढरं जॅकेट बॅगेच्या तळाशी कोंबलं आणि एसटीत बसले.

पहिल्याच दिवशी हसं झालं. आखाड्यात शिरताना मातीला हात लावून कपाळाला लावायची सवय. तसाच मॅटला हात लावला, तर मागची मुलगी म्हणाली, "काय पडलं वो ताई तुमचं?"

महिनाभरात मोठेबाबांची नजर माझ्या सोललेल्या कोपरांवर गेली.

"काहून वं पोरी, तुहा कम्प्युटर चावते काय?"

"खुर्ची खरबरीत हाय," मी म्हणाले. ते मिशीत हसले. मला वाटलं, पचलं.

मग एका रविवारी क्लासमध्ये आमच्या लढती लागल्या. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. ज्युदोत खाली दाबलं तरी सुटायला थोडी सवड मिळते. मी अशीच उताणी, छातीवर एक धिप्पाड मुलगी, आणि दारात धोतर दिसलं. मोठेबाबा! माझ्या मागोमाग आले असणार. लाज, भीती, चीड, सगळं एकदम दाटून आलं. जोर गोळा करायला मी सवयीनं मांडीवर शड्डू ठोकला. दोनदा, हॉल दणाणेल असा.

ती मुलगी झटकन उठली आणि सरांनी तिचा हात वर केला. ज्युदोत दोनदा थाप मारली की हार कबूल, मग ती मॅटवर मारा की स्वतःच्या अंगावर. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मोठेबाबा तडक सरांपुढे उभे. "मांडी ठोकली त हारली? मंग तुमच्या इथं जितल्यावर रडतेत काय?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं.

परतीच्या एसटीत ते माझी बॅग मांडीवर घेऊन बसले. बाभुळगाव जवळ आलं तेव्हा मीच विचारलं, "मी माती सोडली म्हणून राग आला?"

"आलता. थो शड्डू आयकला अन् गेला." मग बॅगेकडे बघत म्हणाले, "मंगळवारी कम्प्युटरचा क्लास हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग थो कम्प्युटर आजच धुऊन टाक. लय वास मारून राह्यला."