गिटार बाजूला ठेवून

अरब स्ट्रीटवरच्या त्या इजिप्शियन चहावाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. तो मला हबीबी म्हणायचा, मीही त्याला!

त्या संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीवर कैरोची गाण्याची स्पर्धा थेट चालू होती आणि अंतिम फेरीत त्याची पुतणी होती. डोक्याला हिजाब, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आणि गाणं अल्लाच्या स्तुतीचं. चहावाला ग्लास पुसता पुसता ठेक्यावर खांदे उडवत होता.

“गिटार अमेरिकेची, अल्ला आमचा,” तो म्हणाला. “यात भांडण कुठे आहे?”

निकाल लागणार, तोच समोरच्या मशिदीतून अजान आली. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. “हबीबी, तू बघ. मी नमाज पढून येतो.”

“अरे, मला अरबी येत नाही!”

“डोळे आहेत ना?”

तो परतल्यावर मी थाटात जाहीर केलं, “जिंकली! गिटार बाजूला ठेवून तिनं स्टेजवरच माथा टेकला.”

तो हसला. “हबीबी, हरली असती तरी तिनं तेच केलं असतं.”

माझा चेहरा पडला. त्यानं भीतभीत टीव्हीचा आवाज वाढवला. पुतणी तेच गाणं पुन्हा गात होती.

हरलेल्याला पुन्हा कुणी गायला लावत नाही. एवढं अरबी मला येत होतं.