सूर्याजीरावांचं प्रस्थान

दर्पण कॉलनीतल्या कुमुदिनीबाईंच्या घरात भूत नव्हतं, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. नवरा गेल्यावर बायकांना स्वप्नं पडतात, दारात कुणी उभं असल्यासारखं वाटतं, निदान एखादं भांडं तरी आपोआप पडतं. कुमुदिनीबाईंच्या नशिबात तेवढंही नाही. सूर्याजीराव गेले ते घर धुवून पुसून गेले. आणि शेजारी, वनमालाताईंकडे, मात्र रोज दुपारी हजर!

वनमालाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं पुजाऱ्यांचं, पण त्यांचा स्वतःचा विश्वास हरितद्रव्यावर. अशा बाईनं भुताच्या गप्पा मारायचं कारण काय? त्या कुंपणावरून सांगायच्याही अशा, की जणू दूधवाला येऊन गेला.

"कुमुद, आज पण आले होते गं. आधी खोकला, मग कट्, कट्. सुपारी कातरल्यासारखं."

"दिसले?"

"दिसत नाहीत. मागच्या खोलीत बसतात. गाडीची वाट बघत माणूस बसतो ना, तसे."

"माझ्याबद्दल काही?"

"अगं, खोकल्यात माणूस काय काय बोलणार?"

कुमुदिनीबाई घरी येऊन कणकेवर राग काढायच्या. उभा संसार माझ्याशी केला, आणि मेल्यावर बैठक शेजारी!

पण ते तिथेच का बसतात, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सूर्याजीरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून, तलवार लावून ग्वाल्हेरला आले. सूर्याजीराव सायकलवर बसून, डबा लावून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जायचे. जन्मभर एकच वाक्य ऐकलं: "भाईसाब, नल में पानी नहीं आया." स्वतः त्यांनी तिघऱ्याच्या धरणापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांनी फिलिपिन्सचं वेड घेतलं. हजारो बेटांचा देश. काही बेटं भरतीला बुडतात, ओहोटीला परत वर येतात. चारी बाजूंनी पाणी, आणि तक्रार घेऊन दारात कुणी नाही.

"ऊनसुद्धा भरपूर असतं म्हणे," ते कौतुकानं म्हणाले.

"ग्वाल्हेरच्या माणसानं ऊन बघायला परदेशी जायचं? मे महिन्यात गच्चीवर बसा. मी शेजारी पापड घालते, सोबत होईल."

असं कुमुदिनीबाई म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्याच दिवशी बाड्यावरच्या बाजारात जाऊन त्यांनी स्वतःसाठी उन्हाची टोपी आणली आणि कपाटात साड्यांखाली दडवली.

तिकिटं मार्चअखेरची निघाली. पंचांगातला मुहूर्त मात्र काही दिवस आधीचा. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर प्रवासाचं गाठोडं बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग खरं निघताना ते तिथून उचलायचं. घरी परत आणायचं नाही. घराणं लष्करी, म्हणून गाठोड्यात शस्त्र ठेवायची रीत. पणजोबांची कट्यार वाटणीत चुलत्यांकडे गेलेली. सूर्याजीरावांनी आपला रोजचा अडकित्ता ठेवला. "यालाही पातं आहे," ते म्हणाले. कुमुदिनीबाईंनी हळकुंड, तांदूळ आणि एक अखंड सुपारी घातली. गाठ सूर्याजीरावांनी मारली आणि गाठोडं वनमालाताईंच्या मागच्या खोलीत, फळीवर ठेवून आले.

त्यानंतर देशाला कुलूप लागलं. विमानं जमिनीवर बसली. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, सूर्याजीराव हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. शेवटचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. त्या धांदलीत फळीवरच्या गाठोड्याची आठवण कुणाला राहणार? खोकला ऐकू यायला लागला तेव्हा झाली.

"माणूस निघालाय, कुमुद," वनमालाताई म्हणाल्या. "वाट बंद झाली म्हणून निघणं थोडंच रद्द होतं?"

मुलगा सौरव नोएडाला. दर हिवाळ्यात फोन करायचा, "आई, चल ना यार, तेच फिलिपिन्स करू. बाबांचं राहिलंय ते." आणि दर हिवाळ्यात आईचे गुडघे दुखायचे. गुडघे ठणठणीत होते. दुखणं वेगळंच होतं. प्रस्थान उचललं की वाट बघणारा उठून जाणार. मग कुंपणावरून येते तेवढी खबरही बंद. उष्टं का होईना, नवऱ्याचं असणं होतं ते; स्वतःच्या हातानं कसं सांडायचं?

यंदा दिवाळीनंतर मात्र वनमालाताई कुंपणाशी आल्या त्या जरा उतरलेल्या चेहऱ्यानं. कट् कट् थांबलंय म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आता चपला वाजतात. मागच्या खोलीतून दारापर्यंत येतात, थांबतात, परत जातात. सारखं तेच. काल मी म्हटलं, 'भाऊजी, बसा जरा.' बसले नाहीत."

हा माणूस कधी, कुठे असा येरझारा घालायचा, ते कुमुदिनीबाईंना पाठ होतं. लग्नाला निघायचं असलं, आणि त्या आरशासमोर असल्या, की. घरात यायचं सोडून ते तिकडे बसले होते असं इतकी वर्षं त्या समजत होत्या. ते दारात उभे होते. बायको तयार व्हायची होती.

घरात जाऊन त्यांनी सौरवला फोन लावला. "तिकीट काढ. भरपूर ऊन असलेलं."

निघायच्या सकाळी त्यांनी टोपी घातली, घराला कुलूप लावलं, आणि मागे न बघता शेजारच्या फाटकात शिरल्या. वनमालाताईंनी गाठोडं फळीवरून काढून ठेवलेलंच होतं. दिलं, पण हातातून सुटेना.

"सोड ना ताई."

"सोडते गं. दुपारचं घर खायला उठेल आता." मग नाक पुसून म्हणाल्या, "गाठ मी कधी सोडवली नाही हं. प्रयत्न केला होता एकदा, कशाला खोटं बोलू. सुटली नाही ती."

पडावला, ग्वाल्हेरच्या स्टेशनात गाडी वेळेवर लागली, हे या कहाणीतलं खरं आश्चर्य. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे विमान. कुमुदिनीबाई खिडकीशी, न्यायला आलेला सौरव कडेला. मधल्या सीटवर कुणी आलंच नाही, म्हणून गाठोडं तिथे ठेवलं.

"आई, त्यात अडकित्ता आहे ना? मोठ्या बॅगेत टाक, वरना एअरपोर्टवर धर लेंगे," सौरव म्हणाला. त्यानं गाठीशी झटापट केली, दात लावले, हरला. "बाबांनी काय पाइपलाइन जोडली होती का ही?"

"आण इकडे."

डब्याच्या फडक्याला जन्मभर हीच गाठ. मारायची त्यांनी, सोडवायची हिनं. तिसऱ्याला कधी जमलीच नव्हती. कुमुदिनीबाईंनी टोक आत ढकललं, अंगठा फिरवला. सुटली.

तांदळाचा भुगा झालेला. हळकुंडाला कीड. अडकित्ता गंजलेला, पण पात्याची धार तेवढी लख्ख, आणि धारेला पांढरट पूड. सुपारी नव्हती. तिच्या जागी बारीक कातरलेल्या चकत्यांचा ढीग होता, कागदासारख्या पातळ. असं कातरणारा हात त्यांनी एकच पाहिला होता. आणि ढीग एका सुपारीचा नव्हता.

"तू अख्खी ठेवली होतीस ना?" सौरवनं विचारलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो मधल्या सीटपासून जरा लांब सरकला.

मुरैना मागे पडलं. पुलाखाली चंबळ लागली, एवढं मोठं पाणी, मध्ये वाळूची बेटं, उन्हात चमकणारी. कुमुदिनीबाईंनी एक चकती तोंडात टाकली. ताजी होती. मग शेजारून, अगदी खांद्याशी, घसा साफ केल्यासारखा आवाज आला.

त्यांनी मान वळवली नाही. टोपी नीट केली आणि खिडकीपासून थोड्या मागे सरल्या, म्हणजे मधल्या माणसालाही पाणी दिसावं.

तिकीट तपासनीस आला. "बीचवाले नहीं आए?"

"आए हैं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "देर मेरी तरफ से हुई."