कोरी सोडलेली झेप

"या शब्दाच्या पोटात काय आहे, गुरुजी?" असे विचारताना ते उजव्या हाताची तर्जनी डाव्या तळव्यावर हलकेच आपटत आणि मान तिरकी करून थांबत. आतून कोणी ओ देते का, हे ऐकावे तसे.

ते अहमदनगरच्या न्यायालयात भाषांतरकार होते. मराठी जबान्या वरच्या कोर्टासाठी इंग्रजीत उतरवणे हे त्यांचे काम. भिंगारहून सायकलने ते सावेडीला माझ्याकडे येत. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक; इंग्रजी बेताचेच. पण कोणताही शब्द खोल खणला की कुठेतरी संस्कृतचे पाणी लागते, अशी त्यांची श्रद्धा. चहा बिनसाखरेचा घेत. "कोपरगावकडच्या उसाच्या भांडणांतून पुष्कळ साखर पोटात जाते माझ्या," म्हणत. शब्दाला असा जीव लावणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ते आले आणि बसलेच नाहीत.

"असॉल्ट," ते म्हणाले. "कायद्यातला अर्थ पाठ आहे मला. अंगाला हात लागायलाच हवा असे नाही. आता घाव बसणार, असे समोरच्याला वाटावे एवढी हालचाल पुरते. पण मूळ?"

मूळही त्यांनीच कोशातून उतरवून आणले होते. लॅटिनमधली उडी, आणि तिच्या आधी 'कडे' अशा अर्थाचा उपसर्ग. कोणाच्या तरी दिशेने घेतलेली उडी. ते ऐकून मला झालेला आनंद आज कबूल करताना संकोच वाटतो. मी उत्साहाने म्हणालो, "आपल्याकडेही तेच. स्कन्द् या धातूत उडी आहे. त्याला 'आ' लागला की आस्कन्दन, म्हणजे हल्ला. दोन्ही भाषांनी एकच दृश्य पाहिले आहे."

"त्या दृश्यात पाय जमिनीला टेकलेले असतात का?"

"नसावेत."

"नाहीतच," ते म्हणाले. "मी रोज पाहतो."

मग त्यांनी सांगितले. कोपरगाव तालुक्यातल्या एका शेतकरी बाईची जबानी होती: "त्यानं हात न्हाई लावला. कोयता घिऊन झेप घेतली. मदी पान्याचा पाट हुता म्हनून मी वाचले." खालच्या कोर्टाने त्या माणसाला शिक्षा दिली आणि त्याने अपील केले. 'झेप' या शब्दासाठी भाषांतरकारांना मनाजोगा इंग्रजी शब्द सापडेना. मला विचारून भरू, म्हणून त्यांनी त्या वाक्याची जागा कोरी ठेवली. त्या आठवड्यात मी नेवाशाला प्रवचनांसाठी गेलो होतो. टायपिस्टने कोरी जागा चुकून राहिली असे समजून ओळी जुळवून टाकल्या, आणि कागद वरच्या कोर्टात गेले. आता इंग्रजीत ती बाई एवढेच म्हणत होती की त्याने हात लावला नाही आणि मध्ये पाट होता.

"यावर तो सुटेल," ते म्हणाले. "आणि तिच्या शेजारच्या रानात परत येईल."

"मग कळवा."

"कळवले की चौकशी. निवृत्तीला आठ महिने उरलेत, गुरुजी."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावलेली होती. कॉट भिंतीपासून ओढून घेतलेली, आणि खोलीचा एक कोपरा अगदी रिकामा.

"त्या कोयतेवाल्याने तिथे उडी घेतली आहे," ते कोपऱ्याकडे न बघता म्हणाले. "मी त्या झेपेला शब्द दिला नाही, म्हणून तो हवेतून खाली येत नाही."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "तितं काय बी न्हाई, गुरुजी. मी रोज सांगते ह्यांना." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पन केर काढायला मीबी वाकत न्हाई तितं."

मी नित्य संध्या करणारा माणूस. भूतखेत मानत नाही. कोपऱ्यात चुन्याच्या भिंतीखेरीज काही नव्हते. तरी निघताना माझे पाय पलीकडच्या भिंतीला धरून दाराकडे गेले, आणि हे माझ्या लक्षात उंबऱ्यापाशी पोचल्यावरच आले.

"शब्द भरा," मी म्हणालो. "चौकशीचे नंतर पाहू."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुरुस्ती पाठवली. चूक स्वतःच्या नावावर घेतली. टायपिस्टचा उल्लेखही केला नाही. चौकशी लागलीच. अपील फेटाळले गेले तेव्हा मात्र ते हयात नव्हते. त्या हिवाळ्यापुढच्या उन्हाळ्यातच ते गेले होते.

त्याआधी, दुरुस्ती स्वीकारल्याचे कळताच, ते मला घेऊन त्या बाईच्या रानात गेले होते. ती उसाला पाणी देत होती. ते पाटाच्या अलीकडेच, पंधरा-वीस हातांवर थांबले, तिच्या दिशेने आणखी एकही पाऊल टाकले नाही आणि तिथूनच मोठ्याने सारी हकिगत सांगितली. स्वतःची चूकही.

"मंग आता लिवलं का?" तिने विचारले.

"लिहिले, बाई."

"वाचून दावा."

त्यांनी इंग्रजीतले ते एकच वाक्य वाचले. तिला भाषा येत नव्हती, पण ती ओठांकडे टक लावून पाहत होती.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "तवा तर ते सपतच नव्हतं."

दुरुस्तीची नक्कल त्यांनी पाटाच्या कडेला एका दगडावर ठेवली, वर मातीचे ढेकूळ ठेवले आणि तिच्याकडे तोंड ठेवून, पाय जमिनीवरून न उचलता, एकेक पाऊल चाचपत, मागे मागे सरकत राहिले. ते पार रस्त्याला लागेपर्यंत ती जागची हलली नाही.