दाराबाहेरच्या चपला

दादरला दीड खोलीत भाड्याने राहायचं आणि तिकडे लांब सोनिवलीत न बघता फ्लॅट घेऊन घरमालकीण म्हणून मिरवायचं, असली हुशार मी तेव्हा होते. भाडेकरू काही टिकले नाहीत. किल्ली तिथल्या वॉचमनकडेच राहिली.

हा माणूस प्रत्येक वाक्याआधी ‘तसं नाय मावशी’ म्हणायचा आणि मग मी म्हटलेलंच पुन्हा सांगायचा. मुंबईकरांच्या रिकाम्या फ्लॅटांसाठी तो प्रत्येकाकडून जुन्या चपला मागून घ्यायचा आणि दाराबाहेर ठेवायचा, म्हणजे चोराला वाटावं, घरात कोणीतरी आहे. आम्ही ह्यांच्या दिल्या होत्या.

हे गेल्यावर फ्लॅट विकायचा म्हणून मी एकटीच तिथे गेले. दाराशी ह्यांच्या चपला होत्या. स्वच्छ पुसलेल्या, एक जरा तिरकी, आत्ताच काढल्यासारखी.

“अजून ठेवल्यात या?”

“तसं नाय मावशी, ठेवल्यात. रोज जरा हलवतो. एकाच जागी राहिल्या की लोकांना कळतं, आत कोण नाय.”

मी गिऱ्हाइकाला फोन करून फ्लॅट विकायचा नाही म्हणून सांगितलं. मग माझ्या चपला काढून ह्यांच्या शेजारी ठेवल्या आणि किल्ली मागितली.

“दादा, आज हलवू नका,” म्हटलं. “मी आहे आत.”