पडद्यावरची कण्हेर

नागपंचमी झाली की धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांतून पितांबरच्या नावाच्या हाका सुरू व्हायच्या. येत्या रविवारी घरोघर खानदेशची देवी कानबाई बसायची, आणि कानबाई बसायची म्हणजे चौरंगाला केळीचे खांब हवेत, वर आंब्याच्या डहाळ्या हव्यात, आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे पितांबरची फुलं हवीत. ही फुलं म्हणजे पितांबरची स्वतःची अक्कल. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून तो त्याने सायकलच्या चाकावर बसवला होता आणि चाकाला जुन्या पंख्याची मोटर जोडली होती. डबा छताला टांगायचा, त्यात कण्हेरीची फुलं भरायची, की संध्याकाळपासून देवीच्या डोक्यावर दोन-दोन, तीन-तीन फुलं सावकाश उतरत राहायची. डबा कुरकुरायचा जरा. बाया म्हणायच्या, "भाऊ, तेल दे रे त्याले, गाणं आयकू येत नही." पण खाली उभं राहून वर बघत राहायच्या.

अख्ख्या गल्लीच्या कानबाया पितांबर नटवायचा. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र त्या दिवशी चौरंग निघत नसे. त्याच्या भाऊबंदकीचा सण मोडलेला होता.

अठ्ठ्याऐंशी साली, बरोबर कानबाईच्या रविवारी, त्याचा एकुलता मुलगा भटू सायकलवर केळीचे खांब बांधून हायवेने येत होता. सोनगीरकडून येणाऱ्या ट्रकने त्याला उडवलं. खांब आणायला पितांबरनेच धाडलं होतं. त्याची बायको भिकुबाई त्या वेळी आत देवीच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक मळत होती. पोरगा मागच्या दाराने गेला, आईला 'येतो' म्हणाला नाही. हे तिनेच नंतर सांगितलं, एकदाच, आणि मग कधी सांगितलं नाही.

सणाच्या दिवशी घरात मरण आलं की त्या कुळाचा सण मोडतो. मग त्याच दिवशी भाऊबंदकीत कुठे मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच तो पुन्हा उघडतो. तोवर सगळ्यांचे रोट बंद. भाऊबंदांनी कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही, पण दर श्रावणात कुणाची तरी सून विहिरीवर म्हणायचीच, "यंदा बी नही, काय करता, त्या घरनं नशीब." भिकुबाईच्या कानांवर ते यायचं. रविवारी ती दिवेलागणीआधीच दार लावून घ्यायची. बाहेर गाणी सुरू झाली की चुलीपाशी तोंड करून बसायची.

पितांबरने एक नेम धरला होता. बाहेर पडताना दारात थांबून "येतो" म्हणायचं, आणि आतून "या" आल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत. नळावर पाणी भरायला जायचं असलं तरी. शेजारी हसायचे. भिकुबाई कधी चुकली नाही. हातात पीठ असो, तोंडात देवाचं नाव असो, "या" म्हणायचीच. दहा वर्षं त्या घरातलं नवरा-बायकोचं बोलणं जवळजवळ एवढंच होतं.

अठ्ठ्याण्णव साली गल्लीतल्या मोतीलालने आग्रा रोडवर कॉम्प्युटरचा क्लास काढला. उद्घाटनाच्या सजावटीला पितांबरला बोलावलं. तोरण बांधताना त्याचं लक्ष एका मशीनकडे गेलं. पडद्यावर निळं पाणी होतं आणि त्यात मासे फिरत होते. कुणी बघत नव्हतं, तरी फिरत होते.

"मोटर कुठे आहे रे याची?" पितांबरने विचारलं.

मोतीलाल हसला. "मोटर नाही, नाना. एकामागोमाग चित्रं आहेत नुसती. प्रत्येकात मासा थोडा पुढे काढायचा, मग ती भराभर दाखवायची. डोळ्याला वाटतं, पोहतोय."

"कुरकुरत नाही?"

"कुरकुरायला आहे काय त्यात?"

पितांबर शिडीवरून उतरला तो मशीनपुढेच बसला. तोरण तसंच अर्धं लोंबत राहिलं.

पुढे तो रोज दुपारी क्लासला जाऊ लागला. मोतीलालला आपल्या मशीनींवर दाखवायला असं काही हवंच होतं, त्याने आडकाठी केली नाही. माऊस पितांबरच्या हाताखालून उंदरासारखाच पळायचा. क्लासची पोरं म्हणायची, "नाना, मांजर आणू का?" पण एकदा चित्र मोठं करून बारीक चौकटी दिसू लागल्या, आणि त्याला वाटलं, हे तर भरतकाम आहे. एक चौकट पिवळी, शेजारची जरा गडद, कडेची हिरवट. कण्हेरीचं एक फूल त्याने असं भरलं. मग तेच फूल थोडं खाली, थोडं तिरपं. मग अजून खाली. एक फूल चौरंगावर उतरायला केवढी चित्रं लागली ते त्यालाच ठाऊक. त्यानंतर दोन केळीचे खांब, त्यांची पानं जराशी हलणारी. मध्ये सोनगीरची पितळी समई. तिची ज्योत त्याने घरातल्या समईपुढे बसून पाहून पाहून काढली. चौरंग काढला, तो रिकामा ठेवला. देवी म्हणून बसतो तो नारळ त्याने काढला नाही.

ज्येष्ठ सरला तेव्हा चित्र पुरं झालं. मोतीलालने ते डेस्कटॉपच्या मागे बसवलं. वर फायलींची खूणचित्रं आणि त्यांच्या मागे फुलं सावकाश पडताहेत, ज्योत हलते आहे. पोरं गोळा झाली. मोतीलाल म्हणाला, "नाना, हे मी प्रत्येक मशीनवर टाकणार. गिऱ्हाईक हरखून जाईल."

"टाक की," पितांबर म्हणाला. त्याचं मन तिथे नव्हतंच. ज्या दिवशी त्याने मासे पाहिले त्या दिवसापासून त्याला एकच दिसत होतं, ते म्हणजे आपल्या घरातल्या भिंतीपाशी हा उजेड आणि त्यापुढे चुलीकडे पाठ करून बसलेली भिकुबाई.

पण कुळाला विचारल्याशिवाय कसं? भाऊबंदकीत वडीलधारे झुलाल आबा. पितांबर त्यांच्या ओट्यावर गेला आणि सगळं सांगितलं. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"नारळ शे का त्यामा?"

"नाही, आबा. चौरंग रिकामा आहे."

"तेल, वात?"

"काहीच नाही. विजेचा खेळ आहे. सिनेमा म्हणा."

आबांनी तंबाखू झाडली. "मंग ती देवी नही. देवी नही तर बसाडनी बी नही नि उठाडनी बी नही. लाव. तुन्ही बायकोना जीवले तेवढंच."

रविवारी क्लास बंद असायचा. मोतीलालने मशीन न्यायला दिलं आणि हातगाडीवर चढवताना म्हणाला, "नाना, ही बॅटरीची पेटीही न्या. लाईट गेली तरी थोडा वेळ चालतं, तेवढ्यात नीट बंद करता येतं, मशीनला धक्का बसत नाही."

पेटी दाराशी जमिनीवर होती. क्लासची पोरं येता-जाता तिच्यावर चपला काढून ठेवत. आताही एक जुनी स्लीपर तिच्यावर पडलेली होती. पितांबरने पेटीकडे पाहिलं. ही घरात न्यायची, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला लावायची, या दिवशी? त्याला ते धजेना.

"राहू दे," तो म्हणाला. "सणाच्या दिवशी लाईट कशाला जाते?"

मोतीलालने दोनदा सांगून पाहिलं. हातगाडी निघून गेली.

घरी त्याने भिंत पुसली, खाली धुतलेलं लुगडं अंथरलं, मशीन मांडलं. पडदा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. ऊन उतरलं तेव्हा सुरू केलं आणि खूणचित्रं मोतीलालने शिकवल्याप्रमाणे लपवली. पडदाभर चौरंग उभा राहिला. पहिलं फूल पडलं.

"भिकू," त्याने हाक मारली. "बघ तरी."

भिकुबाई हात पुसत आली. उंबऱ्यात थांबली. दोन-तीन फुलं पडेपर्यंत पाहत राहिली. मग आत गेली, तेव्हा पितांबरला वाटलं, संपलं. पण ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली, कपाळ भरून कुंकू लावून आली, आणि अंथरलेल्या लुगड्याच्या कडेला बसली.

"वात कव्हय सारानी?" तिने विचारलं.

"सारावी लागत नाही."

"तेल?"

"लागत नाही. ते आपोआप चालतं."

"मंग मी काय करू?"

याचं उत्तर पितांबरने एवढ्या दुपारींत काढलेलं नव्हतं. कानबाईच्या रात्री बाईमाणसाला किती काम असतं. वात सारायची, तेल घालायचं, पडलेली फुलं वेचून ओटीत घ्यायची, डोळा लागू द्यायचा नाही. इथे पडलेलं फूल चौरंगावर टेकायच्या आत विरून जात होतं. वेचायला काही नव्हतं.

"बस नुसती," तो म्हणाला. "बघ."

ती बघत राहिली. थोड्या वेळाने बोट न उचलता म्हणाली, "हाई फूल आतेच पडनं व्हतं."

"कुठलं?"

"डावीकडलं. मुडपेल पाकळीनं. परत तेच पडनं. परत पडी, देख."

ते परत पडलं. त्याच जागेवरून, तसंच वळत. पितांबरला ठाऊक होतंच, चित्रं संपली की पहिल्यापासून सुरू होतात. पण कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. भिकुबाईची नजर त्याच एका फुलाला चिकटून राहिली. ते पडे, विरे, पुन्हा वर दिसे. तिचे ओठ हलू लागले. आधी पितांबरला वाटलं, ती काही पुटपुटते आहे. मग आवाज आला. दहा वर्षांनी ती कानबाईचं गाणं म्हणत होती, गंज चढलेल्या आवाजात, शब्द चाचपडत. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात आवाज थोडा मोकळा झाला आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. गल्लीत पलीकडच्या घरीही बाया गाऊ लागल्या होत्या, आणि तिचं गाणं त्यांच्यात मिसळलं.

आणि लाईट गेली.

गल्लीभर 'हो' करून एकच ओरडा झाला, नेहमीसारखा. पलीकडच्या घरी समया होत्या, तिथलं गाणं क्षणभर अडखळलं आणि पुढे चालू झालं. पितांबरच्या घरात पडदा काळा झाला होता. त्यात दारातून येणारा जरासा उजेड आणि दोन माणसांच्या सावल्या दिसत होत्या. भिकुबाईचे हात जोडलेलेच होते.

"येईल आता," पितांबर म्हणाला. "पाच मिनिटांत येईल."

"ती बी न सांगता गयी," भिकुबाई म्हणाली.

लाईट आली तेव्हा त्याने घाईघाईने मशीन सुरू केलं. आधी निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत बरंच काही. नीट बंद केलं नाही, असं काहीसं तो दर वेळी म्हणतो हे पितांबरला ठाऊक होतं. मग चौरंग आला, समई आली, पहिल्यापासून पहिलं फूल पडलं, जसं काही झालंच नव्हतं. त्याने वळून पाहिलं तर भिकुबाई आत चुलीकडे तोंड करून बसली होती. अंगावरचं हिरवं लुगडं तिने सोडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या कानबाया पांझरा नदीकडे निघाल्या. डोक्यावर चौरंग, पुढे फुगड्या, "पुढल्या साली ये" म्हणत बाया देवीला वाटे लावत होत्या. पितांबर मशीन हातगाडीवर चढवत होता. झुलाल आबा काठी टेकत आले. बातमी त्यांना पोचली होती.

"आबा, ती देवी नव्हतीच," पितांबर त्यांच्या आधीच म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता."

"मोतीलालनी बॅटरी देयेल व्हती म्हणे. का बरं नही आनी?"

पितांबरने सांगितलं. चपलांचंही सांगितलं. खोटं बोलावंसं त्याला वाटलं नाही.

आबांनी काठी रोवली. "देवी नव्हती, तर चपलांचा विटाळ कोणाले व्हनार व्हता?"

पितांबरचा हात दोरीवरच राहिला.

"तुना मनमा ती बसेल व्हती, पितांबर. बसाडी तूच, नि वाटे लावाले पेटी तूच नही आनी." आबा रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्याच रविवारी भर दुपारी आबांच्या गोठ्यात गाय व्याली. भाऊबंदकीत आनंदाला पारावार राहिला नाही. सण उघडला होता. इतक्या वर्षांनी घरोघर रोटांचे गहू निवडले जाणार होते. संध्याकाळी आबा स्वतः पितांबरच्या दारात आले, हातात नवा नारळ घेऊन. मनात किंतु ठेवून ते आले नव्हते.

"भिकुबाई, ले वं. सण उघडना. पहिला नारळ तुना घरले."

भिकुबाई बाहेर आली नाही. आतूनच बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आबा, तुमना घर बसाडा. मना घरमा जो येस तो न सांगता जास."

आबा नारळ घेऊन परत फिरले. वाटेत त्यांनी तो कुणाला दिला नाही, छातीशी धरून नेला.

पितांबरला एकच सुचलं. दुसऱ्या दिवशी तो मोतीलालकडे गेला. क्लासमध्ये ओळीने मशीनी होत्या आणि प्रत्येकीवर कण्हेर पडत होती. एक पोरगी जमाखर्चाचं काही शिकत होती, तिच्या हिशेबाच्या चौकटीच्या कडेने डावीकडचं ते मुडपलेलं फूल दिसायचं, झाकलं जायचं.

"हे काढून टाक," पितांबर म्हणाला.

"का, नाना? लोकांना आवडतं."

"काढ म्हणतो ना."

"इथलं काढतो. पण ते आता इथेच राहिलंय थोडंच? फ्लॉपीवरून कुठे कुठे गेलंय. जळगावला डॉक्टरांच्या टेबलावर आहे, चोपड्याला केळीवाल्यांच्या ऑफिसात आहे. मी कुणाकुणाचं बंद करू?"

मोतीलालने इथल्या मशीनींवरचं काढलं. पडदे सपाट, हिरवट निळे झाले. पितांबर प्रत्येक मशीन बंद होईपर्यंत थांबला. ते नीट बंद करायचं असतं, मध्येच तोडायचं नसतं, हे त्याला आता येत होतं.

फुलांचा डबा त्याने पुढे कुणाला दिला, कळलं नाही. कानबाईच्या रविवारी आताही त्याला हाका येतात, कुणी आंब्याच्या डहाळ्या बांधायला बोलावतं, तो जातो. निघताना दारात थांबतो.

"येतो," म्हणतो.

आत भांड्यांचा आवाज चालू असतो. तो जरा वेळ उभा राहतो. मग चपला घालतो.